वाडीची संध्याकाळ: नृसिंहवाडीला धूपारतीपासून शेजारतीपर्यंत थांबायचं असेल तर

सांगली-मिरजेकडचा माणूस 'वाडीला जाऊन येतो' म्हणाला की कुठली वाडी, असं कुणी विचारत नाही. वाडी म्हणजे नरसोबाची वाडी. सरकारी कागदावर नृसिंहवाडी, तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर. दत्तभक्त तिला दत्तप्रभूंची राजधानी म्हणतात.

वाडीला जाणारे बहुतेक जण सकाळी पोहोचतात, अभिषेक करतात, दुपारी महाप्रसाद घेतात, पेढे-बासुंदी बांधून घेतात आणि चारच्या आत गाडीत बसतात. मीही कितीतरी वर्षं असंच करत होतो. एकदा परतीची एसटी चुकली म्हणून थांबावं लागलं आणि त्या रात्री पहिल्यांदा पालखी पाहिली. तेव्हापासून वाडीला जायचं ते संध्याकाळ धरूनच. हा लेख त्यासाठीच आहे. दिवस कोणता निवडायचा, किती वाजता पोहोचायचं, कुठे बसायचं, पालखीमागून कसं चालायचं आणि रात्री काय करायचं, हे सगळं क्रमाने सांगतो.

आधी जागा समजून घ्या

कृष्णा उत्तरेकडून सांगलीवरून खाली येते, पंचगंगा कोल्हापूर-इचलकरंजीकडून. दोघींचा संगम इथे होतो. संगमाजवळ कृष्णेच्या घाटावर, औदुंबराच्या सावलीत दत्तमंदिर आहे. दत्ताचे अवतार मानले जाणारे श्रीनृसिंह सरस्वती औदुंबर क्षेत्री चातुर्मास करून इथे आले आणि 12 वर्षं राहिले. पुढे गाणगापूरला निघताना आश्विन वद्य द्वादशीला त्यांनी इथे मनोहर पादुका ठेवल्या. म्हणून ती तिथी गुरुद्वादशी. गाभाऱ्यात पूजा होते ती या पादुकांची. पहिल्यांदा येणारे लोक दत्ताची मोठी तीन मुखांची मूर्ती शोधत राहतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

मंदिराला उंच शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाने मुलीची दृष्टी परत आली म्हणून हे बांधकाम करवलं, अशी कथा वाडीत सांगतात. शिखर नसल्यामुळे मंदिर लांबून दिसत नाही. गावातल्या पेढ्यांच्या दुकानांमधून चालत आलात की पायऱ्या उतरायला लागतात, आणि मग एकदम खाली मंदिर, औदुंबर आणि नदी, तिन्ही एकत्र समोर येतात.

एक गोष्ट संध्याकाळच्या दृष्टीने महत्त्वाची. मंदिर कृष्णेच्या पश्चिम काठावर आहे. सूर्य गावाच्या मागे मावळतो, त्यामुळे घाटावर सावली लवकर उतरते आणि नदीच्या पलीकडचा औरवाडचा काठ मात्र बराच वेळ उन्हात पिवळा दिसत राहतो. पौर्णिमेला चंद्र त्याच बाजूने, पाण्यावरून वर येतो. पौर्णिमेची गर्दी सोसूनही लोक का थांबतात, ते तेव्हा कळतं.

दिवस निवडताना

गुरुवार दत्ताचा वार, त्यामुळे गर्दीचा. शनिवार-रविवार सुट्टीमुळे गर्दीचे. पौर्णिमेला तर पाय ठेवायला जागा मिळत नाही. पहिल्यांदा जाणार असाल आणि सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील, तर सोमवार ते बुधवारमधला साधा दिवस धरा. त्या दिवशी पालखी दोन हातांवरून बघता येते, पदांचे शब्द ऐकू येतात. गर्दीच्या दिवशी उत्साह मोठा, पण शब्द कानावर पडत नाहीत.

मार्गशीर्ष पौर्णिमेची दत्तजयंती, माघ वद्य प्रतिपदेची गुरुप्रतिपदा आणि आश्विनातली गुरुद्वादशी हे मोठे उत्सव. यांपैकी एखाद्या उत्सवाला जायचं तर राहण्याची सोय आधी पक्की करूनच निघा. गुरू कन्या राशीत येतो तेव्हा, म्हणजे बारा वर्षांनी एकदा, कन्यागत महापर्व येतं. मागचं 2016 मध्ये झालं. तो सोहळा वेगळाच, त्याचे नियम वेगळे, बंदोबस्त वेगळा. या लेखातला क्रम त्या दिवसांना लावू नका.

माझ्या मते सर्वांत चांगला काळ म्हणजे कार्तिक ते माघ. नदीला पाणी बेताचं असतं, पायऱ्या कोरड्या असतात, हवेत गारवा असतो. डिसेंबरात सहालाच सूर्य मावळतो, त्यामुळे धूपारतीच्या वेळी पूर्ण अंधार पडलेला असतो आणि दिव्यांना उठाव येतो. मे महिन्यात सूर्य मावळायलाच सात वाजतात.

पोहोचायचं कसं

रेल्वेने मिरज जंक्शन किंवा कोल्हापूरच्या मार्गावरचं जयसिंगपूर, दोन्ही सोयीची. जयसिंगपूरहून वाडी पंधरा किलोमीटरच्या आसपास, सांगलीहून वीस-बावीस, कोल्हापूरहून पंचेचाळीस-पन्नास. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर इथून एसटी मिळते. कुरुंदवाडला जाणारी गाडीही चालते, कारण कुरुंदवाड वाडीच्या शेजारीच, पंचगंगेच्या पुलापलीकडे आहे.

जातानाची एसटी सहज मिळते. अडचण येते ती परतताना. शेजारती होईपर्यंत दहा वाजून जातात आणि त्या वेळी एसटीच्या भरवशावर राहू नका. दोनच मार्ग आहेत: स्वतःची किंवा ठरवलेली गाडी, नाहीतर मुक्काम. मी मुक्काम सुचवेन. संस्थानाचा भक्तनिवास आहे, गावात धर्मशाळा आणि खासगी खोल्या आहेत. शिवाय वाडीची जुनी पद्धत म्हणजे पुजाऱ्यांच्या घरी उतरणं. कित्येक घराण्यांचे पुजारी ठरलेले असतात, आजोबांपासून त्याच घरी उतरायचं, अभिषेकही त्यांच्याच हातून. तुमच्या घरात कुणी पूर्वी वाडीला जात असेल तर आधी त्यांना विचारा. पुजारीकाकांचं नाव मिळालं तर राहणं, जेवण, अभिषेक, सगळं एका फोनवर होतं.

सोबत काय घ्यायचं

सामान कमी घ्या. पायऱ्या चढ-उतार करायच्या आहेत आणि पालखीमागून चालताना खांद्याला जड पिशवी नको होते.

धोतर-पंचा किंवा साडी नेसलीच पाहिजे असं नाही, पण अंगभर, सुती, साधे कपडे घाला. जीन्स घातली तर चालते, पण तीन तास फरशीवर मांडी घालून बसायला ती त्रासाची. सोवळ्यातल्या पूजेला बसायचं असेल तर धाबळी (सोवळ्याचं लोकरी वस्त्र) किंवा सोवळं लागतं, ते पुजाऱ्यांना आधी विचारा. थंडीत शाल घ्याच. दिवसभर अंगात घाम असतो आणि रात्री नऊला नदीवरून वारा सुटला की दात वाजतात.

एक बसकर किंवा जाडसर पंचा बसायला, पाण्याची बाटली, छोटी विजेरी, सुटे पैसे आणि एक रिकामी कापडी पिशवी. विजेरी मोबाईलमध्ये असतेच म्हणाल, पण रात्री एका हाताने आईचा हात धरलेला आणि दुसऱ्या हातात चपलांची पिशवी असते, तेव्हा मोबाईल सांभाळत पायऱ्या चढणं जमत नाही. गळ्यात अडकवता येईल अशी विजेरी असली की झालं.

हार, फुलं, नारळ, खडीसाखर, उदबत्ती पायऱ्यांच्या वरच्या दुकानात मिळतं. घरून आणायचीच असतील तर चार ताजी फुलं आणा. प्लास्टिकच्या पिशवीत काही नेऊ नका.

चारला पोहोचा

आरती संध्याकाळी आहे म्हणून सहाला पोहोचायचं, असं बरेच जण ठरवतात. मग गाडी लावण्यात, चपला ठेवण्यात आणि रांगेत तास जातो आणि धूपारती सुरू होते तेव्हा माणूस अजून घामाघूम असतो. चार वाजता वाडीत असा. खोलीवर सामान टाका, हातपाय धुवा, कोरा किंवा दुधाचा एक कप चहा घ्या आणि पाचच्या आत पायऱ्या उतरा.

उन्हाळ्यात दगड चार वाजताही भाजतात. चपला वर ठेवून उतरावं लागतं, तेव्हा कडेकडेने, सावलीतून चला. एक-दोन तासांत घाट सावलीत येतो आणि मग तेच दगड पायाला सुखावतात.

नदीपाशी

आधी नदी, मग दर्शन. खालच्या पायरीवर बसून पाय धुवायचे, डोळ्यांना पाणी लावायचं, क्षणभर हात जोडायचे. स्नान करायचं तर उजेड असतानाच आणि घाटाला धरूनच. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत. सांगली, पलूस भागात माणसांवर हल्ले झालेले आहेत. संध्याकाळी अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नका, मुलांना कमरेइतक्या पाण्यात सोडू नका, आणि पोहत पलीकडे जाण्याचा विचारही नको.

दुसरा धोका मगरीपेक्षा कितीतरी नेहमीचा आहे. शेवाळ. पाण्याची पातळी रोज थोडी वरखाली होते, त्यामुळे पाण्याबाहेर आलेल्या पहिल्या दोन-तीन पायऱ्या कोरड्या वाटतात पण निसरड्या असतात. आमची आत्या तिथेच घसरली. तांब्या भरायला वाकली, डावा पाय पुढच्या पायरीवर ठेवला आणि खाली बसलीच. मनगट मोडलं. तिचा हात गळ्यात बांधून आम्ही वर आलो, डॉक्टर झाले, प्लास्टर झालं, तरी ती म्हणाली, पालखी बघितल्याशिवाय मी हलणार नाही. प्लास्टरचा हात तसाच छातीशी धरून तिने पालखीच्या तिन्ही प्रदक्षिणा केल्या. तुम्ही मात्र एक करा: पायरीचा रंग बघा. दगड करडा दिसला तर पाय ठेवा, हिरवट-काळा चमकला तर नको. आणि पाणी घ्यायला वाकायचं असेल तर आधी खाली बसा, मग हात पुढे करा.

तीर्थ म्हणून पाणी तोंडात घेण्याबद्दल स्पष्टच सांगतो. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यात वर्षानुवर्षं गाजतो आहे. शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी नदीत येतं, उन्हाळ्यात मासे मरून वर आल्याच्या बातम्या दर थोड्या वर्षांनी येतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची म्हणून जिला पंचगंगा म्हणतात, ती इथपर्यंत येताना हे सगळं सोबत आणते. मी पाणी डोळ्यांना आणि मस्तकाला लावतो, पीत नाही. मंदिरात मिळणारं तीर्थ वेगळं, ते घ्या. आणि निर्माल्य, दिव्याचा प्लास्टिकचा द्रोण, साबण, जुने कपडे यांतलं काहीही नदीत टाकू नका. दिवा सोडायची हौस असेल तर पानाचा द्रोण आणि त्यात एक वात पुरे. तोसुद्धा घाटावर ठेवून नमस्कार केला तरी भाव तिथेच पोहोचतो, असं मला मनापासून वाटतं.

दर्शन आणि प्रदक्षिणा

दर्शनाची रांग साध्या दिवशी लवकर सरकते. गाभाऱ्यात सोवळ्याशिवाय जाता येत नाही, पादुकांचं दर्शन बाहेरून घ्यायचं. दार छोटं आहे, आतला उजेड मंद असतो आणि पादुकांवर फुलं असतात. थोडं वाका, डोळे स्थिरावू द्या, मगच बघा. मागचा माणूस ढकलत असला तरी दोन क्षण मिळतातच. गाभाऱ्याकडे मोबाईल धरू नका.

दर्शनानंतर प्रदक्षिणा. मंदिर आणि औदुंबर यांच्याभोवती दिवसभर माणसं फिरत असतात. कुणाचा 11चा नेम, कुणाचा 108चा. ओठांवर 'दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा'. तुम्ही तीन घातल्यात तरी चालेल, पण त्यांच्या चालीत चाला. मध्येच थांबून फोटो काढला की मागच्या माणसाचा नेम मोडतो. नेम असलेल्यांचा वेग तुमच्याहून जास्त असणार, त्यांना वाट द्या. औदुंबराची पानं तोडू नका. खाली पडलेलं एखादं पान मिळालं तर घरी न्यायला हरकत नाही.

घाटावर नारायणस्वामी, रामचंद्रयोगी आणि इतर सत्पुरुषांची स्थानं आहेत. तिथेही हात जोडून या. नारायणस्वामींचं मंदिर आताच पाहून ठेवा, त्याचा उल्लेख पुढे पावसाळ्याच्या संदर्भात येणार आहे.

सहा ते साडेसात: बसायचं

हा वेळ लोकांना रिकामा वाटतो आणि ते पुन्हा वर बाजारात जातात. जाऊ नका. मंदिरासमोर, चालणाऱ्यांची वाट सोडून, भिंतीला किंवा खांबाला पाठ टेकेल अशी जागा बघून बसा. गुडघे दुखणाऱ्यांना पायरीची कड बरी, पाय खाली सोडता येतात. आत अगदी पुढे बसण्याचा हट्ट धरू नका. आरती सुरू झाली की पुढचे लोक उभे राहतात आणि बसलेल्याला फक्त पाठी दिसतात. थोडं मागे आणि एका बाजूला बसलात तर उभं राहूनही नीट दिसतं, आणि पालखी निघताना वाटेजवळ असता.

मुलांना या वेळात काहीतरी खायला द्या, आरतीच्या मध्यात नको. केळं, राजगिऱ्याचा लाडू, असं हाताला न चिकटणारं. लघवीला नेऊन आणा. मोबाईल शांत करा, नुसता थरथरतासुद्धा नको, दगडी फरशीवर ठेवलेला फोन थरथरला की चार जण वळून बघतात.

मग ऐका. वाडीची संध्याकाळ आधी कानांना कळते. पलीकडच्या काठावरचे बगळे झाडांवर उतरताना कलकलतात. कुणी आजोबा पोथीचं पान पुटपुटत वाचत असतात. पितळी भांडी घासल्याचा आवाज येतो, म्हणजे आतली तयारी सुरू झाली. उदबत्तीच्या वासात ओल्या दगडाचा आणि औदुंबराच्या पिकून पडलेल्या उंबरांचा गोडसर, आंबूस वास मिसळतो. मला कुठेही उंबर फुटल्याचा वास आला तरी वाडी आठवते.

धूपारती

साधारण साडेसातच्या सुमारास धूपारतीची गडबड सुरू होते. ऋतू आणि उत्सवाप्रमाणे वेळ पुढेमागे होते, म्हणून दुपारी आल्याआल्याच पुजाऱ्यांना किंवा संस्थानाच्या कार्यालयात त्या दिवसाची वेळ विचारून घ्या. सातच्या आत जागेवर असलात की काही चुकत नाही.

घंटा सुरू झाली की उभे राहा. धुपाचा धूर आधी गाभाऱ्याच्या दारात दाटतो, मग वाकून बाहेर येतो आणि समोरच्या माणसांच्या खांद्यांवरून पसरत जातो. दम्याचा त्रास असलेल्यांनी या वेळी अगदी समोर उभं राहू नये, नदीच्या बाजूला वारा असतो तिथे थांबावं. आरती तोंडपाठ नसेल तर टाळ्या वाजवा, दुसऱ्यांच्या मागे मागे म्हणा. कुणी पाहत नाही. मोबाईलवर शब्द शोधत बसू नका, तोवर आरती पुढे गेलेली असते.

टेंबे स्वामींची, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींची करुणात्रिपदी वाडीत संध्याकाळच्या उपासनेत म्हटली जाते. टेंबे स्वामींचा जन्म 1854चा, सिंधुदुर्गातल्या माणगावचा. 1914 मध्ये नर्मदाकाठी गरुडेश्वरला ते समाधिस्थ झाले. वाडीशी त्यांचा फार जवळचा संबंध, आणि ही तीन पदं त्यांनी इथेच रचली. घरोघरी ती म्हटली जातात, पण वाडीत शेकडो गळ्यांतून ती एकाच संथ चालीत येतात तेव्हा त्यातली काकुळती वेगळी ऐकू येते. जायच्या आधी आठवडाभर घरी रोज एकदा म्हणा. या सगळ्या तयारीत सर्वांत उपयोगी तयारी तीच, असं माझं मत आहे. शब्द ओठांवर असले की माणूस प्रेक्षक राहत नाही.

आरतीचं तबक समोर आलं की दोन्ही तळहात ज्योतीवरून फिरवून डोळ्यांना लावा आणि लगेच बाजूला व्हा. दक्षिणा तबकात ठेवायची ती हातात आधीच काढून ठेवा. पाकीट उघडायला तिथे वेळ नसतो.

पालखी

आता ज्यासाठी थांबलो ते. फुलांनी सजवलेल्या पालखीत श्रींची उत्सवमूर्ती विराजमान होते आणि सोवळ्यातले पुजारी पालखी खांद्यावर घेतात. मंदिराभोवती तीन प्रदक्षिणा होतात. पालखी सलग चालत नाही. थोडं चालते, थांबते, पुजारी पद म्हणतात, पुन्हा चालते. या थांबण्यातच सगळं आहे. झांजा बंद होतात, पदाची पहिली ओळ एक जण उचलतो, बाकीचे धरतात, आणि त्या दोन ओळींच्या मधल्या जागेत खालून नदीचा आवाज येतो.

चालायचं कसं, ते सांगतो. पालखीच्या पुढे उलटं चालत चित्रण करणारे हल्ली बरेच दिसतात. पायाखाली दगड उंचसखल आहे, मागे माणसं आहेत आणि खांदेकऱ्यांना वाट हवी असते. तुम्ही पालखीच्या मागे राहा. पहिल्या प्रदक्षिणेला सगळेच मागे येतात म्हणून दाटी होते. घाई करू नका, दुसऱ्या प्रदक्षिणेपर्यंत ती सैल होते. फोटो काढायचाच असेल तर पहिल्या फेरीत एका जागी उभं राहून एक काढा आणि फोन खिशात टाका. उरलेल्या दोन फेऱ्या चालण्यासाठी ठेवा.

मुलाला खांद्यावर घेऊ नका, मागच्यांना दिसत नाही आणि तोल जातो. बोट धरून मधल्या बाजूला चालवा. व्हीलचेअर असेल किंवा चालणं जमत नसेल, तर प्रदक्षिणेच्या वाटेवर एका कडेला बसून राहा. पालखी तीन वेळा तुमच्या समोरून जाणार आहे. माझी आई शेवटची काही वर्षं तशीच बसायची. पालखी जवळ आली की पदर सारखा करून हात जोडायची, पुढे गेली की पुन्हा वाट बघत बसायची. तिला तीन वेळा दर्शन व्हायचं आणि मला चालताना एकदाही नीट व्हायचं नाही, असं ती म्हणायची.

पद सुरू असताना बोलू नका, जयघोषही नको. जयघोष कधी करायचा ते आपोआप कळतं, सगळ्यांबरोबर करा.

जेवण, आणि परत खाली

पालखी आत गेली की लोक पांगतात. प्रसाद घ्या, वर येऊन जेवून घ्या. खोलीवरच्या घरगुती जेवणाला आधी सांगून ठेवलं असेल तर उत्तम, कारण वाडी लवकर आटोपणारं गाव आहे. कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी मिळाली तर सोडू नका. नदीच्या गाळातल्या या वांग्यांना पातळ साल आणि गोडी असते, मसाला फार लागत नाही. बासुंदी वाटीभरच घ्या, अजून शेजारतीला बसायचं आहे. पेढे, कवठाची बर्फी घरी न्यायची तर ती सकाळी ताजी घ्या. कवठाची बर्फी पहिल्यांदा खाणाऱ्याने एकच तुकडा चाखून मग पाव किलो बांधावी, तिची आंबटगोड चव सगळ्यांना लगेच आवडत नाही. मला विचाराल तर पेढ्यांपेक्षा तीच न्या, पेढे सगळीकडे मिळतात.

जेवल्यावर पाय जड होतात आणि खोलीतली गादी ओढते. तरी दहाच्या सुमारास शेजारतीला पुन्हा खाली उतरा. त्या वेळी पन्नासेक माणसं असतात, कधी त्याहून कमी. बरेचसे गावातलेच. दिवसभर जिथे रांग होती तिथे तुम्ही निवांत उभे राहू शकता. आवाज सगळेच खाली आणतात, झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तसे.

पावसाळ्यात गेलात तर

आषाढ-श्रावणात वाडीचा दिनक्रम नदी ठरवते. पाणी घाटावर चढू लागलं की पालखीचा नेहमीचा क्रम राहत नाही, म्हणून या दिवसांत फोन करून चौकशी केल्याशिवाय निघूच नका.

पाणी मंदिरापर्यंत आलं की दक्षिणद्वार सोहळा होतो. नदीचं पाणी उत्तरेकडच्या दाराने मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वारी स्नान करायला रात्री-अपरात्री माणसं धावत येतात, कारण पाणी किती वेळ त्या पातळीवर राहील याचा नेम नसतो. कधी तासाभरात पाणी इतकं चढतं की दार बुडून जातं, कधी उतरून जातं. वर कोयना, राधानगरी धरणांतून किती पाणी सोडलं, पाऊस किती पडतोय, यावर ते अवलंबून. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी वाढल्याची बातमी आली की वाडीकडे डोळे लागतात. मंदिरात पाणी शिरलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात आणि पूजा-आरती तिथे चालते. म्हणून म्हटलं होतं, ते मंदिर पाहून ठेवा.

दक्षिणद्वाराला जायचं तर संस्थानाचे स्वयंसेवक आणि पोलीस सांगतील तसंच करायचं. दोर बांधलेला असतो तो सोडायचा नाही. पोहता येतं म्हणून पुढे जायचं नाही, पुराच्या पाण्याला ओढ असते आणि खालची पायरी दिसत नाही. मुलं आणि वृद्ध यांना नेऊ नका. आणि पाणी गावात शिरण्याची चिन्हं असतील तर सोहळ्याचा मोह सोडून आधी निघा. 2019च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021च्या जुलैमध्ये शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं महापुरात होती, रस्ते बंद झाले की बाहेरच्या माणसाचा भार गावावर पडतो.

दुसऱ्या दिवशी

मुक्काम केलाच असेल तर पहाटेच्या काकड आरतीला जा. पाचच्या आसपास असते, रात्रीच वेळ विचारून ठेवा. थंडीत नदीवर धुकं असतं, पलीकडचा काठ दिसतच नाही.

आणि दिवस हाताशी असेल तर खिद्रापूरला जाऊन या. वाडीहून साधारण अर्ध्या-पाऊण तासाची वाट. तिथलं कोपेश्वराचं मंदिर शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं, तेही कृष्णेच्याच काठी. त्याच्या स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही, गोल मोकळं आकाश आहे आणि खाली तेवढ्याच आकाराची गोल शिळा. सकाळी दहाच्या आत गेलात तर शाळांच्या सहली अजून आलेल्या नसतात आणि खांबांवरचं काम निवांत बघता येतं. तिथून वाडीला परत येऊन बर्फी घ्या, आणि खोलीची किल्ली देताना पुजारीकाकांकडे तुमचं नाव आणि गाव त्यांच्या वहीत लिहून ठेवायला सांगा. पुढच्या वेळी फोन केलात की ते विचारतील, मागच्या वेळी आई बरोबर होत्या ना.